मानस

रायबंदरहून फेरीने आले तेव्हा यंत्र झोळीत होतं,
डब्याला खेटून. दाढीच्या यंत्राएवढं,
एक वायर, ती फोनला.
चोडणला उतरून अर्धा तास चालत.

इनास फेर्नांद, वय एक्याऐंशी.
सुनेने बल्कांवावरच गाठलं:
रात्रीत तीन चादरी, दोतोर.
दुपारनंतर पाणी बंद केलंय आम्ही,
तांब्या वर ठेवलाय त्यांचा हात पुरणार नाही असा,
तरी गळतंच.
आणि मागच्या सोमवारी फोनवर मीच सांगितलेली
गळणं थांबवायची गोळी
आल्ताराखाली होती, मेणबत्त्यांपाशी.
पट्टी अर्धी रिकामी.

पलंग उंच, जुना. मी स्टुलावर गुडघा टेकला.
जेल गार लागेल म्हटलं, तर म्हणाले
डिसेंबरात पहाटे मानशीवर उतर, मग गार म्हण.

आधी उजवीकडे.
बरगड्यांच्या सावल्या ओलांडून, यकृताच्या कुशीत.
श्वास घ्या. धरा.
मूत्रपिंड हळूच खाली सरकलं.
पुस्तकात घेवड्याची उपमा असते,
इथे काजूगर म्हटलं तरी कोणाचं काही जाणार नाही.
पोटात पांढरं असायला हवं होतं, मिटलेलं.
तिथे काळं, बोटंबोटं फुटलेलं,
भरतीचं पाणी खाजनाच्या चरांत शिरावं तसं.
(या पडद्यावर पाणी काळं दिसतं.
हे सुनेला दोनदा सांगावं लागलं.)
कुशीवर वळवून डावं पाहिलं. तेही तसंच.

मग ओटीपोट.
इतकं काळं की पडदा पुरेना.
खोली वाढवली, तेव्हा कुठे पलीकडचा काठ आला,
आणि तळाशी प्रोस्टेट,
काळ्यात डोकं वर काढून बसलेली.
मापाचे क्रॉस या कडेला, त्या कडेला.
यंत्र म्हणालं, अकराशे मिली.

म्हणजे धरवत नव्हतं असं नाही.
सोडवतच नव्हतं.
चादरीवर यायचं ते नुसतं
भरल्या घागरीच्या काठावरचं.
आणि मी त्यावर झाकण दिलं होतं,
दिवसातून दोनदा, जेवणानंतर.

दाखव, म्हणाले. फोन त्यांच्याकडे वळवला.
बराच वेळ पाहिलं त्यांनी, चष्म्याशिवाय.
"बांद फुटपाचेर आयला."
मग मलाच समजावू लागले:
मानशीचं दार असं टांगायचं
की भरती त्याला आपणच लोटून लावते,
ओहोटी आपणच उघडते.
माणूस लागत नाही.
चाळीस वर्षं मी तिथे बसलो
तो फळी सुजेल त्या दिवसासाठी.

फळीच सुजलीय, मी म्हटलं.

नळी तिसऱ्या खेपेला गेली.
त्यांनी डोळे मिटून काहीतरी मोजलं,
बहुतेक पिशवीत पडणारा आवाज.
कपाळावरची शीर उतरली.
सून खिडकीकडे तोंड करून उभी होती,
तिने वळून न बघताच विचारलं, इतकं?

पुन्हा यंत्र लावलं.
मूत्राशय चुरगळलेलं,
त्यात नळीचा फुगा, एक बारीक गोल कडं.
मूत्रपिंडं मात्र अजून उघडीच.
त्यांना इतक्यात पटत नाही.
किती दिवस ती तशी तुंबून होती
ते या चित्रात लिहिलेलं नसतं,
त्याला रक्त तपासावं लागतं, आणि बांबोळी.

शेजारच्यांच्या रिक्षाने धक्क्यावर आणलं.
फेरीत पिशवी मी धरली होती, त्यांच्या गुडघ्याखाली.
इंजिनाच्या आवाजात सांगितलं:
ती गोळी चुकली माझी.
न तपासता दिली.

ते पाण्याकडे बघत होते.
ऐकलं नसावं असं वाटलं मला, वाटावंसं वाटलं.
मग म्हणाले, पहिल्या वर्षी मी दार उलटं टांगलं होतं.
गावाचं एक पीक गेलं.

पुढे काहीच नाही. माफ केलं असंही नाही.
हात पुढे केला, पाण्यासाठी.
सुनेने बाटली काढली, माझ्याकडे पाहिलं.
मी मान हलवली.

बाटली अर्धी झाली तेव्हा
रायबंदरचा धक्का दिसू लागला होता.